नाताळच्या डब्याची तयारी

दिवाळीत शेजारून आलेला फराळाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. ज्या घरांत मोठा सण नाताळचा असतो, त्यांनाही ती चुकत नाही. फक्त परतफेडीला डिसेंबर उजाडतो. नागपुरात सदर, मोहननगर, अजनी किंवा पलीकडे कामठीत नाताळच्या आगेमागे रुमालाने झाकलेली ताटं आणि डबे या घरून त्या घरी जाताना दिसतात. केक बेकरीतून आणला तर कोणी काही म्हणत नाही. पण सोबतची बिस्किटं, कलकल, करंज्या घरच्या असाव्यात अशी अजूनही अपेक्षा असते, आणि मला ती रास्त वाटते.

असा डबा पहिल्यांदाच करणाऱ्यांची दमछाक होते ती बहुतेक वेळा कृतीमुळे होत नाही. काय टिकतं, काय कशाशेजारी ठेवता येतं आणि काय अगदी शेवटी करायचं, हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून होते. तेवढं ठरलं की बाकीचं काम कोणत्याही फराळाइतकंच.

नागपूरच्या ताटात काय काय आलं

गोव्यात आणि मंगळूरकडे नाताळच्या ताटाला कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्या, कलकल, दोदोल असे जिन्नस ठरलेले. वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतही ताट बरंचसं ठरलेलं असतं. नागपूरचं तसं नाही. कामठीची छावणी १८२१ ची. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे उभी राहिली, आणि नोकरीच्या निमित्ताने अँग्लो-इंडियन, गोवेकर, तमिळ, मल्याळी कुटुंबं इथे वसली. स्टीफन हिस्लॉप यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या काळापासून मराठी ख्रिस्ती कुटुंबं होतीच. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरून रोझ कुकीज येतात, दुसऱ्या घरून कलकल आणि तिसऱ्या घरून चकली, अनारसे, करंजी. मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ दिवाळीच्या फराळाहून फारसा वेगळा नाहीच.

म्हणून नागपूरच्या डब्यात अमुकच हवं असा दंडक नाही, आणि ही मोकळीक फार चांगली आहे. परदेशी मासिकांतल्या चित्रांसारखा डबा करायला जाऊ नये. इथल्या बाजारात डिसेंबरात काय चांगलं मिळतं आणि इथली हवा कशाला मानवते, तिथून सुरुवात करावी.

आधी माणसं मोजा

कागदावर पहिल्यांदा पदार्थ लिहू नका, घरं लिहा. शेजारी, नातेवाईक, मुलांच्या शिक्षिका, कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे चौकीदार. समजा दहा घरं निघाली. दर डब्यात चार प्रकारची बिस्किटं आणि मूठभर कलकल ठेवायचे, तर हिशेब असा बसतो: नानकटाई साठ, संत्र्याची बिस्किटं साठ, आल्याची साठ, नारळाची चाळीस आणि कलकल एक किलो. एका डब्यात साधारण चारशे ग्रॅम माल बसतो. पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद आणि सहा-सात सेंटिमीटर उंच असा पत्र्याचा डबा त्याला पुरतो. घरच्यांसाठी वेगळं धरा, नाहीतर मुलं डब्यांतलंच संपवतील.

मग ओव्हनचा हिशेब. घरच्या साध्या ओटीजीच्या ट्रेमध्ये एका वेळी बारा नानकटाया बसतात. साठांसाठी पाच खेपा. दर खेपेला अठरा मिनिटं आणि मध्ये ट्रे थंड करायला वेळ. म्हणजे एकाच प्रकाराला दोन तास गेले. हे आधी कळलं तर तीन प्रकार एकाच दिवशी करण्याचा बेत आपोआप सुटतो.

दहाच्या वर डबे जात असतील तर मी सरळ भिशीचा मार्ग सुचवीन. पाच मैत्रिणींनी एकेक प्रकार वाटून घ्यायचा, प्रत्येकीने आपला एकच पदार्थ पाचही घरांच्या मापाने करायचा आणि एका संध्याकाळी जमून वाटणी करायची. अमेरिकेत नाताळच्या आधी बिस्किटांची अशी अदलाबदल जुनी आहे. आपल्याकडे दिवाळीच्या चकल्या-करंज्यांना एकमेकींच्या घरी जाणाऱ्या बायकांना त्यात नवीन काहीच वाटणार नाही.

पाच जिन्नस पुरेत

डब्यात दहा प्रकार दिसले की छान वाटतं, पण खाणाऱ्याला त्यातले चार सारखेच लागतात. पाचच घ्या आणि प्रत्येक वेगळा असू द्या: एक तोंडात विरघळणारं, एक खुसखुशीत आणि आंबटगोड, एक मसाल्याचं, एक तळलेलं कुरकुरीत आणि एक मऊ. नानकटाई, संत्र्याचं शॉर्टब्रेड, सुंठ-गुळाची बिस्किटं, कलकल आणि नारळाची बोलिन्यां, अशी माझी निवड. यातली पहिली चार बिनअंड्याची होतात. त्याचं महत्त्व पुढे येईल.

क्रीम भरलेली बिस्किटं डब्यात नकोत. जॅम भरलेली दोन-तीन दिवसांत मऊ पडतात, त्यामुळे तीही घरीच खावीत.

संत्र्याची साल

नागपूरच्या डब्याला स्वतःची चव देणारी गोष्ट फुकट मिळते आणि आपण ती रोज टाकून देतो. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत बाजारात भरपूर असतात. कळमन्याच्या बाजारात ढीग लागतात, चौकाचौकांत हातगाड्या उभ्या राहतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते फळासाठी, पण बिस्किटात खरा सुवास सालीचा उतरतो, कारण सुगंधी तेल सालीच्या नारिंगी भागात असतं.

सहा-सात संत्री मीठ लावून चोळून धुवा; सालीवर मेण किंवा फवारणीचा अंश असला तर बराचसा निघून जाईल. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हातानेच सुटते. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा. थोडा राहिला तरी चालतो, पण जाड थर राहिला तर कडवटपणा जात नाही. सालीच्या काडीएवढ्या पट्ट्या कापून गंजात भरपूर पाणी घालून दहा मिनिटं उकळा. पाणी फेकून द्या. पुन्हा नवं पाणी घालून उकळा. दोनदा उकळल्यावर एक पट्टी चावून पाहा. जिभेला बोचत असेल तर तिसऱ्यांदा उकळा.

मग पाव किलो साखर आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात पट्ट्या घाला आणि अगदी मंद आचेवर ठेवा. घाई केली तर पाक आटतो आणि साल आतून कोरडी राहते. अर्ध्या-पाऊण तासाने पट्ट्या काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात, तेव्हा त्या तयार. जाळीवर पसरून ठेवा. इथे नागपूरची हवा कामाला येते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत या पट्ट्या दिवसेंदिवस चिकट राहतात. आपल्या कोरड्या थंडीत त्या एका-दोन दिवसांत हाताला न चिकटण्याइतक्या सुकतात. थोड्या साखरेत घोळवून बरणीत भरा, महिनाभर टिकतात. उरलेला पाक फेकू नका. पाण्यात घालून सरबत करा किंवा केकवर शिंपडा.

आता शॉर्टब्रेड. हे बिस्किट मूळ स्कॉटलंडचं, आणि त्याचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि दोनशे ग्रॅम बटर फेसून त्यात तीनशे ग्रॅम मैदा आणि बारीक चिरलेली साठ ग्रॅम साल मिसळा. बाजारातलं नेहमीचं बटर खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालायचं नाही. घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं, म्हणून ते या बिस्किटाला घेऊ नये. पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किट भुसभुशीत होत नाही. पिठाच्या वळ्या करून बटर पेपरमध्ये गुंडाळा, फ्रिजमध्ये दोन तास ठेवा आणि पाऊण सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा. १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. कड जेमतेम सोनेरी झाली की काढायची. या मापात पन्नासेक चकत्या होतात. दहा डब्यांसाठी दीडपट घ्या.

नानकटाई : घरी की भट्टीवर

डब्यातली सगळ्यात आधी संपणारी गोष्ट नानकटाई, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. परदेशी बिस्किटांचे साचे आणि रंगीत साखर कितीही आणली तरी म्हाताऱ्या माणसांचा हात आधी तिच्याकडे जातो.

तिचं सगळं रहस्य तुपात आहे. उन्हाळ्यात नागपुरात तूप पातळ असतं. ते फेसलं तरी त्यात हवा धरत नाही आणि नानकटाई ट्रेमध्ये पसरते. डिसेंबरात तूप आपोआप थिजतं, रवाळ होतं. असं दोनशे ग्रॅम तूप आणि एकशेतीस ग्रॅम पिठीसाखर हाताने परातीत फेसायला घ्या. तळहाताने गोल गोल, एकाच दिशेने. पाच मिनिटांत पिवळेपणा उतरतो, दहा मिनिटांत पांढरंशुभ्र आणि हलकं होतं. एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकला तर तो तरंगायला हवा. मग त्यात अडीचशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, चाळीस ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा सोडा आणि वेलची-जायफळ घाला. मळायचं नाही, फक्त गोळा होईपर्यंत एकत्र आणायचं. वीस ग्रॅमचे गोळे, वरून अंगठ्याने हलका खळगा, त्यात चारोळी किंवा पिस्त्याचा काप. १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. ओव्हनमधून काढताना त्या मऊ लागतात, म्हणून अनेकजण परत आत ठेवतात आणि त्या करपतात. थंड झाल्यावरच त्या कडक होतात. या मापात तेहतीसेक नानकटाया होतात.

माल जास्त असेल तर भट्टी बरी. मैदा, तूप, साखर डब्यांत भरून मोहल्ल्यातल्या बेकरीत न्यायची, समोर उभं राहून मळून घ्यायची आणि किलोमागे मजुरी देऊन भाजून आणायची, ही पद्धत विदर्भातल्या गावांत आणि नागपूरच्या जुन्या वस्त्यांत अनेकांना लहानपणापासून ठाऊक आहे. भट्टीचा ताव सगळीकडून सारखा असतो आणि लाकडाच्या भट्टीची चव घरच्या ओव्हनला येत नाही. दोन गोष्टी सांभाळा. नाताळच्या आठवड्यात बेकऱ्या केकमध्ये गुंतलेल्या असतात, त्यामुळे आठ-दहा दिवस आधी जा. आणि बेकरीवाले फुलण्यासाठी अमोनिया घालत असतील तर जाड नानकटाईसाठी तो घालू नका असं सांगा. पातळ बिस्किटातून तो भाजताना पूर्ण उडून जातो, जाड बिस्किटात वास मागे राहतो.

सुंठ-गूळ आणि नारळ

मसाल्याच्या बिस्किटांसाठी मस्कासाथेतल्या घाऊक दुकानांतून सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ आख्खं आणा आणि घरी कुटा. शंभर ग्रॅम बटर आणि सव्वाशे ग्रॅम गूळ मंद आचेवर वितळवून गाळून घ्या, कारण गुळात खडे निघतात. गार झाल्यावर तीनशे ग्रॅम मैदा, दोन चमचे सुंठ, एक चमचा दालचिनी, लवंग-जायफळ मिळून अर्धा चमचा, पाऊण चमचा सोडा आणि लागेल तसं तीन-चार चमचे दूध. पीठ रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी लाटून चांदण्या कापा आणि १७० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजा. ही बिस्किटं करून आठवडा झाला की मसाला मुरतो आणि जास्त चांगली लागतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात मसाल्याची लेबकुखेन बिस्किटं पत्र्याच्या सुंदर डब्यांत भरून विकतात, तीही याच टिकाऊपणाच्या जोरावर.

बोलिन्यां म्हणजे रवा आणि ओल्या नारळाची गोव्याची बिस्किटं. पाकात शिजवलेल्या रव्या-खोबऱ्यात अंड्याचा बलक घालून पीठ रात्रभर ठेवतात आणि वर काट्याने जाळी काढून भाजतात. ओलावा असल्याने तीन-चार दिवसच टिकतात, म्हणून सगळ्यात शेवटी करायची.

कलकलचा दिवस

कलकल एकट्याने करायला बसू नये. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, पन्नास ग्रॅम गरम तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ; नारळाच्या दुधात घट्ट मळून तासभर ओल्या फडक्याखाली ठेवायचं. मग टेबलाभोवती घरातली सगळी माणसं, प्रत्येकापुढे तेलाचा हात लावलेला एक काटा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पुढे न्यायची की ती पातळ पसरते, आणि टोकाकडून परत गुंडाळत आणायची. वर रेघा उमटलेला शिंपल्यासारखा आकार होतो. काटे कमी पडले तर नवी कोरी फणी चालते. आजींचे कलकल एका मापाचे, मुलांचे जाडेभरडे. जाडे बाजूला ठेवा. ते वेगळे तळायचे, कारण त्यांना वेळ जास्त लागतो.

तेल फार तापवू नका. कडक तेलात रंग लगेच येतो, पण आत ओल राहते आणि डब्यात दुसऱ्याच दिवशी ते मऊ पडतात. मध्यम आचेवर झाऱ्याने सतत हलवत तळा. गार झाल्यावर दोनशे ग्रॅम साखरेचा दोनतारी पाक करून त्यात टाका आणि पाक पांढरा होऊन कलकलवर बसेपर्यंत हलवत राहा.

तारखा

कामाची मांडणी पंचवीस तारखेपासून उलटी करावी. संत्र्याची साल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मसाल्याची बिस्किटं बारा-तेराला. त्यानंतरच्या रविवारी कलकल, कारण त्या दिवशी सगळे घरी असतात. नानकटाई आणि शॉर्टब्रेड सतरा ते वीसच्या दरम्यान, वेगवेगळ्या दिवशी. बोलिन्यां बावीसला. तेवीसच्या संध्याकाळी डबे भरायचे आणि चोवीसला दुपारपर्यंत पोचवायचे, म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेची तयारी निवांत होते. या वेळापत्रकात एकच गोष्ट हलवू नका: एखादा दिवस चुकला तर नारळाचं बिस्किट आधी करून ठेवायचा मोह टाळा, त्याऐवजी शंकरपाळी करा.

डबा भरताना

प्रत्येक जिन्नस पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात जाता कामा नये. कोमट बिस्किटाची वाफ झाकणाला धरते आणि सगळा डबा सादळतो. दुसरं, मऊ आणि कुरकुरीत एकत्र ठेवले की मऊ जिन्नसातली ओल कुरकुरीत जिन्नस शोषून घेतो. दोन दिवसांनी बोलिन्यां कोरडी आणि शॉर्टब्रेड मऊ लागतं. म्हणून बोलिन्यां छोट्या वेगळ्या डबीत, ती डबी मोठ्या डब्यात. तिसरं म्हणजे वास. लवंग आणि सुंठ शेजाऱ्याला लागतात, आणि तूप तर असा वास पटकन ओढून घेतं. नानकटाई बटर पेपरमध्ये गुंडाळा.

रचना अशी करते: तळाला बटर पेपर, त्यावर कोपऱ्यात नानकटायांची पुडी, शेजारी शॉर्टब्रेडच्या चकत्या बांगड्यांसारख्या उभ्या ओळीत, मध्ये डबी, वर चांदण्या आणि राहिलेल्या फटींत कलकल. फट राहिली नाही तर काही हलत नाही आणि फुटत नाही. संत्र्याच्या चार पट्ट्या कागदात गुंडाळून वर ठेवा. वीस तारखेच्या सुमारास एक डबा आधी भरून पाहा. माप चुकलं असेल तर तेव्हाच कळतं आणि जास्तीची एक खेप भाजायला वेळ असतो.

अंडं, मार्गशीर्ष आणि चिठ्ठी

डिसेंबरात बऱ्याचदा मार्गशीर्ष चालू असतो आणि कित्येक घरांत त्या महिन्यात अंडं वर्ज्य असतं. काही शेजारी बारा महिने खात नाहीत. त्यांना विचारत बसायला लावू नका. बिनअंड्याचे डबे वेगळे भरा, त्यांत बोलिन्यांऐवजी शंकरपाळी घाला आणि वेगळ्या रंगाची फीत बांधा. भाजतानाही बिनअंड्याचं आधी, अंड्याचं शेवटी, ट्रे वेगळा. शेजाऱ्याने विश्वासाने खावं असं वाटत असेल तर एवढं करायलाच हवं.

झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा. जिन्नसांची नावं, अंडं आहे की नाही, काजू-बदाम-पिस्ते कशात आहेत, आणि काय आधी संपवायचं. डबे विकायचे असतील तर गोष्ट वेगळी. घरगुती व्यवसायालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक डब्यावर छापावा लागतो.

बाहेरगावी पाठवायचा असेल तर

पुण्या-मुंबईला लेकी-सुना असतात, त्यांना डबा हवाच असतो. प्रवासाला मसाल्याची बिस्किटं, कलकल आणि संत्र्याची साल उत्तम. शॉर्टब्रेड जाड कापलं तर टिकतं. नानकटाई कुरिअरने गेली की तिचा भुगा होतो, ती कोणी गाडीने जाणारं असेल तर त्यांच्या हाती द्यावी. बोलिन्यां पाठवू नयेत. पत्र्याचा डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून चारही बाजूंना वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा, खोकं हलवून पाहा, आणि आत काही वाजत नसेल तरच चिकटपट्टी लावा. नाताळच्या आठवड्यात पार्सलं उशिरा पोचतात, म्हणून त्यातले जिन्नस आधी करून सतरा-अठरा तारखेपर्यंत पाठवून मोकळं व्हावं.